शब्दचर्चा: 'पब्लिक फुटपाथ'ला काय म्हणाल? पायवाट, पाणंद की वहिवाट?

डर्बीकरीण

मे महिन्यात सासू-सासरे पुण्याहून आमच्याकडे डर्बीला येत आहेत. दोघेही सत्तरीपलीकडचे, पण रोज सकाळी तळजाई चढणारे, त्यामुळे चालायची काळजी नाही. आम्ही दोघं कामावर असताना त्यांना आपापलं हिंडता यावं म्हणून जवळपासच्या दोन-तीन सोप्या वाटांची माहिती मराठीत लिहून ठेवायचं ठरवलं. पहिली वाट डव्हडेलची. डव्ह नदी, दोन्ही बाजूंना चुनखडीचे सुळके आणि झाडी, आणि नदीकाठाने मिलडेल नावाच्या इवल्याशा गावापर्यंत साधारण 3 मैल, बहुतेक सपाट चाल.

पहिल्याच ओळीला गाडी अडली. "पब्लिक फुटपाथने सरळ जा" असं लिहिलं तर सासऱ्यांच्या डोळ्यांपुढे लक्ष्मी रोड येणार, फेरीवाल्यांसकट. 'पायवाट' लिहावं तर तेही पुरेसं वाटत नाही. का, ते सांगता येत नाहीये. शिवाय डेल, स्टाइल, किसिंग गेट, स्टेपिंग स्टोन्स आणि झाडीचे ते वूड, कॉप्स, कॉपिस वगैरे दहा प्रकार आहेतच. मदत करा.

शब्दवेडा

पायवाटच की. एवढं काय अडलंय? पायाने चालायची वाट ती पायवाट.

टाकबंदी (निवृत्त भूमापक)

शब्दवेडेसाहेब, ताईंना काय खुपतंय ते मला कळलं. पायवाट पडते, तिला कोणी हक्क देत नाही. चार माणसं गेली, गवत दबलं, झाली पायवाट. उद्या मालकाने काट्या टाकल्या की संपली. इंग्लंडातला पब्लिक फुटपाथ तसा नाही. तो कायद्याने रस्ताच आहे, फक्त पायी जायचा. जमीन शेतकऱ्याची, पण त्यावरून चालायचा हक्क कोणाचाही. 1949 च्या कायद्याने तिथे या वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. इंग्लंड आणि वेल्स मिळून असे हक्काचे मार्ग सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास भरतात. शेतकऱ्याने वाटेवरून नांगर फिरवला तर चौदा दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते, आणि ऐन शेतातून जाणारी असेल तर किमान एक मीटर रुंद.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द तहसील कचेरीत रोज ऐकू येतो: वहिवाट. "आमची वहिवाट इथूनच आहे साहेब" हे वाक्य मी नोकरीत किती वेळा ऐकलं असेल! गंमत म्हणजे दोन्हीकडे आकडा तोच आहे. तिकडे 1980 च्या हायवेज कायद्यात वीस वर्षं लोक बिनहरकत, हक्काने चालत आले असतील तर ती वाट लोकांना दिली असं धरतात. आपल्या 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातही वीसच वर्षं.

गावनकाशावर पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवतात आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने. तिकडच्या सर्व्हेच्या केशरी मुखपृष्ठाच्या नकाशावर फुटपाथ म्हणजे हिरव्या आखूड तुटक रेषा, घोड्यांनाही मुभा असलेला ब्रायडलवे म्हणजे लांब तुटक रेषा. मुलाकडे गेलो होतो तेव्हा तो नकाशा पाहून मला माझं जुनं टेबल आठवलं.

बांधावरची

काका, एक शंका. आमच्याकडे वहिवाट म्हणजे बहुतेक वेळा एका शेतकऱ्याचा दुसऱ्याच्या बांधावरून जायचा हक्क. जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे अर्ज करतात तो. त्यात वाटसरू कुठे येतो? पुण्याहून आलेला माणूस आमच्या बांधावरून "वहिवाट आहे" म्हणत चालायला लागला तर आमचे आबा काठी घेऊन येतील.

टाकबंदी (निवृत्त भूमापक)

बरोबर पकडलंत. म्हणून नुसती वहिवाट नको, 'सार्वजनिक वहिवाटीची वाट' म्हणा. लांबडं आहे, पण एकदाच लिहायचं, पुढे 'वाट' म्हटलं की झालं.

शब्दवेडा

मग पाणंद का नको? दोन शेतांच्या मधून जाणारी, सगळ्या गावाची.

बांधावरची

पाणंदीला दोन्ही बाजूंनी उंच कड लागते, निवडुंग नाहीतर घाणेरी. त्यातून बैलगाडी जाते. उघड्या कुरणातून गेलेल्या रेघेला पाणंद कशी म्हणणार? आणि पावसाळ्यात तिचा ओढा होतो ते वेगळंच. आमच्या मामाकडे, यवतमाळला, पांदण म्हणतात.

डॉर्सेटवासी

पाणंद आहे इंग्लंडात, पण दक्षिणेला! इथे डॉर्सेटमध्ये होलोवे असतात. शेकडो वर्षं गाड्या, गुरं आणि पाणी जाऊन जाऊन मऊ वाळूचा दगड झिजला आणि वाट आजूबाजूच्या शेतांच्या खूप खाली गेली. वरून झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. पहिल्यांदा शिरलो तेव्हा भरदुपारी अंधारलं आणि तोंडातून आपोआप "अरे, ही तर पाणंद" निघालं. जुन्या इंग्रजीत होलोवेचा अर्थ खोल गेलेली वाट एवढाच. पाणंद हा शब्द होलोवेसाठी राखून ठेवा, भलत्याला देऊ नका.

मावळकर

मला डेलबद्दल बोलायचंय. कोणीतरी 'दरी' सुचवेल म्हणून आधीच हात वर करतो. दरी म्हटलं की मराठी माणूस कड्यावर उभा असतो. दरीत माणूस पडतो, फिरायला जात नाही. सासूबाईंना "दरीतून चाला" असं लिहून देऊ नका! 'खोरं' बरं आहे, पण कृष्णा खोरं म्हटलं की चार राज्यं आणि एक लवाद डोळ्यांपुढे येतो.

डेल हे मूळ दरीचंच नाव, जुन्या इंग्रजीतलं आणि उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या बोलीतलंही. इंग्लंडच्या उत्तरेला नदीच्या नावापुढे डेल लावलं की मुलुखाचं नाव तयार होतं: व्हार्फ नदीचं व्हार्फडेल, एअर नदीचं एअरडेल, रिबल नदीचं रिबल्सडेल. (वेन्स्लीडेल तेवढं गावावरून, तिथली नदी यूर.) आता आपल्या जुन्नरकडे बघा. कुकडीचं कुकडनेर, मीनेचं मीननेर, घोडचं घोडनेर, भीमेचं भीमनेर, भामेचं भामनेर. नदी अधिक नेर! हुबेहूब तीच रीत. मावळातही पवनेवरून पवन मावळ, कानंदीवरून कानद खोरं. माझ्या मते डेलला मराठीत 'नेर' इतका नेमका शब्द दुसरा नाही. डव्हडेल म्हणजे डव्हनेर.

शब्दवेडा

आणि डव्ह म्हणजे पारवा धरला तर पारवनेर! तालुक्याचं ठिकाण वाटतंय, एसटी स्टँडसकट.

डर्बीकरीण

हसून हसून पुरेवाट. पण आजच्या किती लोकांना 'नेर' म्हणजे नदीकाठचा मुलूख हे ठाऊक असेल? मी 'डव्ह नदीचं खोरं' लिहिते आणि कंसात मावळकरांचं डव्हनेर टाकते. सासरे जुन्नरचेच आहेत, खूश होतील. आता स्टाइल!

कोकणातला एक

गडगा ओलांडायला दोन्ही बाजूंनी पायऱ्या, माणूस चढून उतरतो, गुरं अडतात. तेच ना? आमच्याकडे गडग्यातच दोन-तीन लांब दगड बाहेर काढून ठेवलेले असतात, त्यावर पाय देऊन पलीकडे जायचं. त्याला आम्ही काही नावच देत नाही, "थयसून चढ" म्हणतो. बेडं म्हटलं तर ते कुंपणाचं दार झालं, बांबू सरकवून उघडायचं. चढायचं नाही.

टाकबंदी (निवृत्त भूमापक)

तिकडच्या शब्दाच्या मुळाशीही चढणंच आहे, जुन्या इंग्रजीत. 'चढउतार' हा शब्द रस्त्याला गेला नसता तर चालला असता. विहिरीत उतरायला असतात त्या पावठण्या, तर 'कुंपणाच्या पावठण्या' कसं वाटतं?

डर्बीकरीण

पावठण्या आवडल्या. 'स्टाइल' तसंच ठेवलं असतं तर सासूबाई म्हणाल्या असत्या, कसली स्टाइल मारायची? किसिंग गेटचं काय करू? चुंबनद्वार लिहायची माझी हिंमत नाही.

डॉर्सेटवासी

त्यात चुंबन मुळात दाराचं आहे. झुलतं दार कुंपणाच्या आतल्या खाचेत फिरतं आणि दोन्ही बाजूंना नुसतं टेकतं, कडी लागत नाही. प्रेमी जोडप्यांची गोष्ट लोकांनी मागून चिकटवली. माणूस अंग चोरून वळतो, गाईला वळता येत नाही. 'वळणाचं फाटक' म्हणा.

बांधावरची

झाडीकडे या ना. कॉपिस म्हणजे हेझलची झाडं बुंध्यापाशी तोडायची, मग खुंटातून सरळ काठ्या फुटतात, सात-दहा वर्षांनी पुन्हा तोडायच्या, बरोबर? मग तो खोडवा आहे! ऊस तुटला की बुडख्यातून दुसरं पीक येतं तो खोडवा, त्याच्या पुढचा निडवा. तत्त्व तेच. फरक एवढाच की आमचा ऊस दोन-तीन पिकांत दमतो आणि हेझलचा खुंट शेकडो वर्षं फुटत राहतो.

शब्दवेडा

वा! "हेझलचा खोडवा". आता मी टोपी काढली. कॉप्सला राई म्हणू, आमराईतली. पण फॉरेस्टला वन म्हणताना जपून. इंग्लंडात फॉरेस्ट म्हणजे मुळात राजाच्या शिकारीची राखीव जमीन, झाडं असोत वा नसोत. विल्यम राजाने 1079 मध्ये राखलेल्या न्यू फॉरेस्टात आजही केवढा तरी भाग उघडं माळरान आहे. उलट आपलं 'जंगल' संस्कृतात कोरड्या, विरळ झाडीच्या प्रदेशाला होतं आणि इंग्रजीत जाऊन किर्र झालं. दोन शब्दांनी एकमेकांना रस्त्यात चुकवलं.

मावळकर

मेमध्ये ब्लूबेलचं काय? नीलघंटिका?

डर्बीकरीण

ब्लूबेलच. नीलघंटिका म्हटलं की आयुर्वेदिक तेल वाटतं. शिवाय मेच्या मध्यानंतर त्यांचा बहर ओसरतो, तेव्हा नावावरून भांडण्याइतकी फुलंही उरणार नाहीत. नदीतल्या दगडांना मी 'पाऊलधोंडे' लिहिलंय, आणि त्या जागेला माझ्या आजीचा शब्द, 'उतार'. नदी पायी पार करायची जागा. ऑक्सफर्डमधला फोर्ड तो हाच. मजकूर असा झाला:

"वाहनतळापासून नदी उजव्या हाताला ठेवून डांबरी रस्त्याने निघा. थोड्या वेळात उतार लागेल. पाऊलधोंड्यांवरून पलीकडे जा. इकडे स्टॅफर्डशर, तिकडे डर्बीशर. धोंडे ओले किंवा पाण्याखाली असतील तर तिथूनच मागे फिरा, अलीकडे पूल आहे. पुढे डव्ह नदीच्या खोऱ्यातून (डव्हनेर) मिलडेलपर्यंत सार्वजनिक वहिवाटीची वाट आहे. कोणी अडवणार नाही. दमलात तर कुठूनही परत फिरा. वळणाचं फाटक लागलं तर आधी बाबा, मग आई, मग पिशवी."

शब्दवेडा

शेवटची ओळ भाषांतर नाही, अनुभव आहे. कागद पास!

डर्बीकरीण (तीन आठवड्यांनी)

दोघे जाऊन आले, मिलडेलला चहा पिऊन. सासऱ्यांनी वाटेत दोन इंग्रज आजोबांना थांबवून वहिवाट म्हणजे काय ते समजावलं, म्हणे त्यांनी माना डोलावल्या. तक्रार एकच: "थोड्या वेळात उतार लागेल" वाचून सासूबाई निवांत झाल्या होत्या, आता चढ संपला म्हणून, आणि समोर बघतात तर नदी.