मासळीच्या पिकअपची चॅसी गंजतेय, खालून काय मारावं? (बजेट ८०००)

मिरकरवाडा_ते_कोल्हापूर
नमस्कार मंडळी. माझी बोलेरो पिकअप आहे, सेकंडहँड घेतलेली. मिरकरवाड्याला मासळी भरायची आणि आंबा घाटाने कोल्हापूरला टाकायची, हा धंदा. वाटेत क्रेटमधला बर्फ वितळतो आणि सगळं खारं पाणी हौद्याच्या फटींतून चॅसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर. परवा ग्रीसिंगसाठी रॅम्पवर चढवली तेव्हा हौद्याखालच्या क्रॉस मेंबरना (चॅसीच्या आडव्या पट्ट्यांना) पापुद्रे सुटलेले दिसले, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटलाही. स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला, आरपार गेला नाही. १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणजे गाडी दोन महिने उभी. तेवढ्यात काम उरकायचं आहे. बजेट आठ हजार, वर रुपया नाही. डांबर, टेफ्लॉन की ऑइल?

पुणेरी_एसयूव्ही
माझ्या गाडीला घेतानाच शोरूममध्ये अंडरबॉडी कोटिंग आणि वर सिरॅमिक, असं पॅकेज केलं. २८ हजार गेले पण खालून अजून आरशासारखी आहे. अशा कामात स्वस्तात जाऊ नये.

घाटमाथ्यावरचा
आठ हजार लिहिलंय त्यांनी. तुमच्या एसयूव्हीतून बांगडे जातात का कोल्हापूरला?

पुणेरी_एसयूव्ही
दर्जा हवा तर पैसे मोजावे लागतात एवढंच म्हणालो. बाकी चालू द्या.

४०७वाला
जळकं ऑइल. विषय संपला. गॅरेजात फुकट मिळतं, थोडं डिझेल घालून पातळ करायचं आणि कॉम्प्रेसरने मारायचं. वडिलांच्या टाटा ४०७ ट्रकला दर पावसाळ्याआधी मारायचो. गाडी विकली तेव्हा गिऱ्हाइकाने आधी खाली वाकून चॅसीच बघितली आणि भाव न करता पैसे दिले.

विहीरवाला
जळकं ऑइल मारून गाडी अंगणात उभी केली की पहिल्या पावसात ते कुठे जातं, याचा विचार केलाय? आमच्याकडे जांभा आहे, पाणी सरळ खाली उतरतं. विहिरीवर तवंग आला की मग कळेल. शिवाय ऑइल सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशना खातं, आणि ब्रेकच्या लायनरवर उडालं तर आंबा घाटात देव आठवेल.

४०७वाला
एवढी वर्षं मारलं, एक बुश गेला नाही. पुस्तकी ज्ञान.

लांजा_गॅरेज
हे काम मी रोज करतो म्हणून जरा लांब लिहितो.

पापुद्रे सुटलेत म्हणजे वरून काहीही मारून उपयोग नाही. डांबरी कोटिंग तर नकोच. नव्या गाडीला ते ठीक. गंजलेल्या लोखंडावर मारलं की वरून काळं कुळकुळीत दिसतं आणि खाली ओल अडकते. वर्षभराने थर हाताने सोलून निघतो, सोबत लोखंडही. माझ्याकडे अशी एक गाडी आली होती, कोटिंग काढल्यावर क्रॉस मेंबरमध्ये बोट गेलं.

आधी गोड्या पाण्याने प्रेशरने धुवा. एकदा नाही, दोन-तीनदा. मीठ रंगाखाली राहिलं की ते ओल ओढतं आणि रंगाला फुगे येतात. मग पूर्ण वाळू द्या. ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावून सुटे पापुद्रे काढा, हातोडीने ठोकून आवाज ऐका. बद्द वाजलं तिथे पत्रा गेलेला असतो, तिथे वेल्डिंगच. जो गंज घट्ट बसलाय त्याला फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, तो काळा पडतो. त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि चॅसी ब्लॅक, म्हणजे चॅसीचा काळा रंग. पोकळ भागात रंग पोचत नाही, तिथे लांब नळीने मेणाचा स्प्रे. चॅसीला पाणी जायची भोकं असतात, ती रंगाने बुजवू नका. बहुतेक पोरं नेमकी तीच बुजवतात.

आणि हे जूनमध्ये करू नका. तुमची गाडी रिकामी असेल पण हवा ओली असते, घासलेल्या लोखंडावर रात्रीत लाली चढते. मे संपायच्या आत उरका.

मिरकरवाडा_ते_कोल्हापूर
दादा, मे महिन्यात गाडी एक दिवस उभी करता येत नाही. सीझनचा शेवट, बंदीच्या आधी जेवढं मिळेल तेवढं. म्हणूनच जून म्हणालो.

घाटमाथ्यावरचा
लांजा_गॅरेज यांना +१. डांबर नको हे मीही सांगणार होतो.

ब्रॅम्प्टनकर
आमच्या कॅनडात हा प्रश्न दर हिवाळ्यात. इथे बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. साधारण उणे नऊ अंशांच्या खाली साधं मीठ नीट काम करत नाही, तेव्हा कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. ते तर हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे रस्ता कोरडा दिसला तरी चॅसी ओलीच. गंमत म्हणजे कडाक्याच्या थंडीत बाहेर उभी असलेली गाडी कमी गंजते आणि गरम गॅरेजात ठेवलेली जास्त.

इथे लोक दरवर्षी तेलाचा स्प्रे मारून घेतात, दीडशे-दोनशे डॉलर. घट्ट कोटिंग कोणी शहाणा करत नाही, तेल फटींत शिरतं हा त्याचा फायदा. दोन दिवस ड्राइव्हवेवर ठिबकतं आणि बायको बोलते, एवढंच. माझा ट्रक चौदा वर्षांचा आहे, फोटो टाकू का? आणि नुसतं कंपनीच्या भरवशावर राहू नका. टकोमा पिकअपच्या चॅसी गंजल्याच्या दाव्यात टोयोटाने २०१६ मध्ये अमेरिकेत ३.४ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड केली होती.

४०७वाला
म्हणजे कॅनडावालेही ऑइलच मारतात. मी काय वेगळं सांगत होतो?

ब्रॅम्प्टनकर
जळकं नाही हो, ताजं. त्यात गंजरोधक असतं. जळक्यात आम्ल आणि धातूचा कीस असतो.

साखरपा_स्कूटर
अवांतर आहे, पण बोलतोच. तुम्हा लोकांच्या मासळीच्या गाड्यांचं पाणी घाटाच्या वळणांवर सांडतं आणि मागून आम्ही दुचाकीवाले घसरतो. माझा भाऊ पडला, हाताला प्लेट बसली. आणि इथे चर्चा चॅसीच्या तब्येतीची.

४०७वाला
हळू चालवत जा.

साखरपा_स्कूटर
तुम्ही हळू सांडत जा.

लांजा_गॅरेज
भांडू नका, स्कूटरवाल्यांनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. पाणी गळतं हाच रोग. हौद्याच्या फटी बंद करून आतून फायबर लायनिंग करा, नाहीतर निदान हौद्याखाली पन्हळ बसवून पाणी एका कॅनमध्ये घ्या आणि ते उतरवायच्या जागी गटारात सोडा. चॅसीही वाचेल, रस्ताही. लायनिंग आठ हजारात बसणार नाही, पन्हळ बसेल. पन्हळ अ‍ॅल्युमिनियमची करू नका. अ‍ॅल्युमिनियम, लोखंड आणि मधे खारं पाणी असलं की बॅटरीसारखा सेल तयार होतो आणि पन्हळच भुगा होते. पीव्हीसी पाइप उभा कापून वापरा.

इंजिनीअर_साहेब
कोणीच झिंक अ‍ॅनोडचा उल्लेख कसा केला नाही? बोटींना लावतात ना? झिंक झिजतं, लोखंड वाचतं. दोन तुकडे चॅसीला बोल्ट करा, पाचशे रुपयांत काम. बॅटरीवर चालणारं इलेक्ट्रॉनिक यंत्रही मिळतं.

हर्णे_बंदर
साहेब, बोट पाण्यात बुडालेली असते म्हणून अ‍ॅनोड चालतो. झिंक आणि लोखंड एकाच पाण्यात हवेत. गाडी हवेत असते. झिंक जिथे बोल्ट केलंय तिथली वीतभर जागा वाचेल फार तर. त्या यंत्राचंही तेच रडगाणं.

इंजिनीअर_साहेब
तत्त्व तेच आहे. असो.

मालवणी_आबा
तां सगळां सोडा. आमच्या लाकडी होड्यांका मोरी माशाच्या नायतर तारल्याच्या तेलाचो हात मारीत. वास येता, पण टिकता. गाडयेक लावून बघा. आणि रोज घराक इल्यार गोड्या पाण्यान खालसून धुवा, तर काय एक होवचा नाय.

वाचनवेडा
आबांनी लाख बोललात! अमेरिकेतल्या रस्ट-ओलियम कंपनीची सुरुवात अशीच आहे. रॉबर्ट फर्ग्युसन नावाच्या स्कॉटिश कप्तानाने बघितलं की डेकवर माशाचं तेल सांडलं तिथे गंज पसरायचा थांबला. १९२१ मध्ये त्यातून रंगाचा कारखाना निघाला.

विहीरवाला
माशाचं तेल मारलेल्या गाडीमागे घाटातली सगळी कुत्री धावतील.

आरटीओ_एजंट_नाही
गाडी किती जुनी ते लिहिलं नाही. आठ वर्षं ओलांडली की आरटीओची फिटनेस तपासणी (पासिंग) दरवर्षी, त्याआधी दोन वर्षांनी. चॅसीला वेल्डिंग करायचंच असेल तर पासिंगच्या आधी चांगल्या माणसाकडून करून घ्या. चॅसी नंबर कोरलेल्या जागी ग्राइंडर फिरवू नका, मग कुठलंही कोटिंग तुम्हाला वाचवणार नाही.

मिरकरवाडा_ते_कोल्हापूर
सगळ्यांचे आभार. गाडी सहा वर्षांची. ठरवलं ते सांगतो. मेव्हणा बोटींच्या यार्डात रंगकाम करतो. त्याच्याकडे लोखंडी बोटीच्या बुडाला मारतात ते, दोन डबे एकत्र मिसळून मारायचं टार इपॉक्सी उरलंय, फुकट. जूनच्या पहिल्या आठवड्यात शेडमध्ये हॅलोजन लावून तेच मारणार. उरलेल्या पैशात पीव्हीसीची पन्हळ आणि एक प्रेशर वॉशर.

लांजा_गॅरेज
एवढं सगळं लिहूनही पुन्हा जाड थरच, तोही जूनमध्ये. करा. पण निदान पापुद्रे काढून, धुऊन, वाळवून मारा. आणि मेव्हण्याला विचारा तो डबा इपॉक्सीचाच आहे ना. बुडाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून जो लाल रंग असतो त्यात तांब्याचं संयुग असतं, तो उघड्या लोखंडावर अजिबात नको.

मिरकरवाडा_ते_कोल्हापूर
काळा आहे. विचारतो तरी.

पुणेरी_एसयूव्ही
शेवटी मनाचंच करायचं होतं तर धागा कशाला काढला?

मिरकरवाडा_ते_कोल्हापूर
पन्हळीचं इथेच कळलं ना.

साखरपा_स्कूटर
पन्हळ बसली की फोटो टाका. कॅन भरला की तो घाटात रिकामा करू नका म्हणजे झालं.

घाटमाथ्यावरचा
सुरमई कितीला चाललीय सध्या कोल्हापुरात?