सोसायटीत कॅन्सर पॅकेजचा कॅम्प घेऊन राहिले, मी विरोध केला. चूक केली का?

मानेवाडाकर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, येत्या रविवारी एक लॅबवाले येऊन राहिले, माणशी साडेतीन हजारात कॅन्सरचं स्क्रीनिंग. रक्त काढणार, त्यात सीईए, सीए-१२५, सीए १९-९, एएफपी, पुरुषांचं पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठी), वरून पोटाची सोनोग्राफी. निम्मे पैसे मेंटेनन्सच्या फंडातून द्यायचे असं कमिटीचं म्हणणं. मीटिंगमध्ये मी एकट्याने नाही म्हटलं तर सगळे असे पाहायला लागले जसं मी कोणाचा इलाजच बंद पाडला, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

रक्तातल्या या टेस्टना मार्कर म्हणतात. ते बहुतेक करून आधीच कॅन्सर निघालेल्या पेशंटचा इलाज लागू पडतोय का, आजार उलटला तर नाही, हे पाहायला वापरतात. काही त्रास नसलेल्या माणसात कॅन्सर शोधायला ते भरवशाचे नाहीत. बिडी-सिगरेट ओढणाऱ्याचं सीईए तसंही वाढलेलं असू शकते. सीए-१२५ पाळीच्या दिवसांत वाढते, फायब्रॉइड असले तर वाढते, पोटाच्या टीबीत वाढते. दोन वर्षांपूर्वी आम्ही असंच पॅकेज केलं तर मिसेसचं सीए-१२५ आलं ६१, वरची मर्यादा ३५. रिपोर्ट शुक्रवारी संध्याकाळी मोबाइलवर, लाल अक्षरात, समजावून सांगायला कोणी नाही. मग सोनोग्राफी, एमआरआय, धंतोलीतले दोन डॉक्टर, तीन आठवडे घरात कोणी धड जेवलं नाही, पोरगी दहावीला होती. शेवटी निघालं एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं, कॅन्सर नाही.

नंतर मी वाचत गेलो. ब्रिटनमध्ये २ लाखांवर बायकांचा अभ्यास झाला, काहींचं दरवर्षी सीए-१२५ करायचे, काहींची सोनोग्राफी, काहींचं काहीच नाही. २०२१ मध्ये निकाल आला, अंडाशयाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. एवढ्या मोठ्या अभ्यासात जे जमलं नाही ते आमच्या पार्किंगमध्ये टेबल मांडून जमणार का?

आणि आमच्याच गेटसमोर पानठेला आहे, सकाळी सातपासून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटणं चालू. तिन्ही वॉचमन खातात, पार्सलवाली पोरं खातात. त्यांच्या तोंडात आजपर्यंत कोणी टॉर्च मारून पाहिलं नाही, आणि त्याला दोन मिनिटं लागतात. फंड खर्चायचाच तर तिथे खर्चा, एवढंच माझं म्हणणं.

प्राजक्ता

दादा, तुमच्या तीन आठवड्यांच्या टेन्शनबद्दल वाचलं. माझ्या आईला छातीत गाठ लागली होती आंघोळ करताना, तिने आठ महिने कोणाला सांगितलं नाही, माझं लग्न होतं म्हणून. दाखवलं तेव्हा तिसरी स्टेज होती, काखेत पसरलं होतं, दीड वर्षात गेली. ते तीन आठवडे मला मिळाले असते तर मी आनंदाने न जेवता काढले असते. बाई स्वतःसाठी दवाखान्यात जातच नाही, सासूला नेते, पोरांना नेते, स्वतःचं पुढच्या महिन्यात पाहू. कॅम्प असला की शेजारीण जाऊन राहिली म्हणून तरी खाली उतरते. तुम्ही तो कॅम्पच बंद करायला निघाले, मला हे अजिबात पटत नाही.

मानेवाडाकर

ताई, आईबद्दल वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या आई त्या पॅकेजला उतरल्या असत्या तरी गाठ सापडली नसती हो. त्यात छातीची तपासणीच नाही, ना हाताने ना मॅमोग्राफी (छातीचा खास एक्सरे). उलट रिपोर्ट सगळे नॉर्मल आले असते आणि त्यांनी आणखी चार महिने काढले असते की रक्तात तर काही नाही निघालं. माझी खरी भीती ती आहे.

हाताने तपासण्याचं म्हणाल तर मुंबईत टाटा हॉस्पिटलवाल्यांनी १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर काम केलं. डॉक्टर नाही, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी तपासायच्या. २०२१ ला वीस वर्षांचा हिशोब छापून आला, पन्नाशीवरच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी. पन्नाशीच्या आत तेवढा फायदा दिसला नाही, तेही सांगतो, लपवत नाही. असा कॅम्प आणा, मी स्वतः खुर्च्या लावतो.

मिहानवाला

मी पूर्ण असहमत. कॅन्सर पहिल्या स्टेजला सापडला तर वाचायचे चान्सेस जास्त, चौथ्याला सापडला तर कमी, हे कोणालाही समजते. मग जितक्या टेस्ट जास्त तितकं चांगलं, परवडते त्याने कराव्या, तुम्ही कोण अडवणारे. माझ्या बाबांचं पीएसए ६६ व्या वर्षी वाढलेलं निघालं, काहीच त्रास नव्हता, बायोप्सीत (तुकडा काढून तपासला त्यात) प्रोस्टेटचा कॅन्सर, ऑपरेशन झालं, आज ७३ चे आहेत आणि रोज फुटाळ्याला फिरायला जातात. त्या टेस्टने माझा बाप वाचवला. आता सांगा.

सिस्टर मेडिकलवाली

बाबा ठणठणीत आहेत हे वाचून बरं वाटलं, तसेच राहोत. पण भाऊ, सापडल्यावर किती वर्षं जगला यावरून टेस्ट चांगली की वाईट ठरत नाही. समजा एका माणसाला ६२ व्या वर्षी जायचंच आहे. त्रास सुरू झाल्यावर साठीत आजार कळला तर आपण म्हणतो दोनच वर्षं जगला. तोच पंचावन्नला टेस्टमध्ये कळला तर म्हणतो बघा सात वर्षं जगला. मरणाची तारीख तीच. विदर्भ एक्सप्रेसमध्ये तुम्ही गोंदियाला बसा नाहीतर नागपूरला, मुंबईला गाडी त्याच वेळेला पोचते, गोंदियावाला फक्त जास्त वेळ बसून असतो. म्हणून टेस्ट केलेल्या आणि न केलेल्या दोन गटांत मेले किती हे मोजावं लागते, दुसरा उपाय नाही.

दक्षिण कोरियात १९९९ मध्ये सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली तर दवाखानेवाले थोडे पैसे जास्त घेऊन गळ्याची सोनोग्राफीही करून द्यायला लागले. २०११ पर्यंत थायरॉइडच्या कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरा पट झालं. मृत्यू होते तेवढेच राहिले. म्हणजे हजारो लोकांच्या गळ्यातून जे काढलं ते त्यांना आयुष्यभर काही करणार नव्हतं, पण आता रोज सकाळी गोळी घ्या.

मिहानवाला

म्हणजे माझ्या बाबांचं ऑपरेशन फुकट झालं असं म्हणायचंय का? सरळ सांगा.

सिस्टर मेडिकलवाली

नाही, तसं मी म्हणूच शकत नाही, कोणीच म्हणू शकत नाही. त्यांची गाठ वाढणारी होती की निवांत पडून राहणारी, हे आता कळायला मार्ग नाही. प्रोस्टेटमध्ये दोन्ही प्रकार असतात आणि बायोप्सीवरून थोडाफार अंदाज येतो, खात्री नाही. पण माझ्या वॉर्डात मी असेही आजोबा पाहिले जे ऑपरेशननंतर लघवी राहत नाही म्हणून नातवाच्या लग्नात मांडवात बसले नाहीत. ते पण मोजा ना हिशोबात.

मिहानवाला

मोजतो. पण तुम्ही लोक एकच बाजू सांगून राहिले. अमेरिकेतल्या सरकारी तज्ज्ञ समितीने २०१२ मध्ये पीएसए करू नका सांगितलं होतं आणि २०१८ मध्ये त्यांनीच बदललं, ५५ ते ६९ वाल्यांनी डॉक्टरशी बोलून आपलं आपण ठरवावं. फुप्फुसाचं पण पाहा, भरपूर सिगरेट ओढणाऱ्यांचा कमी रेडिएशनचा सीटी स्कॅन केला तर साध्या एक्सरेवाल्यांपेक्षा फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्के कमी, २०११ चा अभ्यास आहे. म्हणजे स्क्रीनिंग चालते! काकाला दम लागला आणि मग कळलं, तीन महिन्यांत गेला, तो तीस वर्षं ओढत होता. त्याला कोणी वेळेवर सीटी सांगितला असता तर? आणि इथे वाचणारा माणूस एवढंच लक्षात ठेवणार की टेस्ट करू नका.

मानेवाडाकर

हा मुद्दा मान्य, धाग्याचं नाव मी जरा तावात टाकलं. माझा विरोध स्क्रीनिंगला नाही, सरसकट सगळ्यांना सगळं करायला आहे. काकांसारख्याला सीटी, तुमच्यासारख्याला वडिलांचा आजार पाहून पन्नाशीच्या आसपास पीएसएबद्दल डॉक्टरशी बोलणं, यात मला काही चूक दिसत नाही. पण आमच्या पॅकेजमध्ये कोणाला कधी विचारणारच नाही की घरात कोणाला होता का, तंबाखू खातो का. नाव, वय, पैसे, सुई.

सिस्टर मेडिकलवाली

आता मला मानेवाडाकर भाऊंशी पण भांडायचं आहे. तुम्ही पॅकेजवाल्यांवर चिडले, पण जे फुकट आहे तिथे तरी कोण येते? तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख तपासायचं असा सरकारी कार्यक्रम आहे, आशाताई फॉर्म भरून नेतात. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं काय, तिशी ते पन्नाशीतल्या शंभर बायकांपैकी जेमतेम दोघींनी कधीतरी गर्भाशयमुखाची तपासणी केलेली. शंभरात दोन! तुमच्या सोसायटीतल्या शिकलेल्या बायकांना विचारा, हात वर होणार नाहीत.

तपासणी काय मोठी आहे? व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावायचं, एक मिनिट थांबायचं, पांढरा डाग उठतो का पाहायचं. मुंबईच्याच त्या वस्त्यांमध्ये यानेच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबाद जिल्ह्यात, आता धाराशिव म्हणतात, १९९९ पासून गावागावांत १ लाख ३० हजारांवर बायकांवर काम झालं, तिथे आयुष्यात एकदा एचपीव्हीची (हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याची) टेस्ट केलेल्या गटात मृत्यू जवळपास निम्मे. आणि इथे कॅन्सर व्हायच्या आधीचीच खराबी सापडते, तिथल्या तिथे काढता येते.

पण बाई टेबलावर चढायला लाजते. नवऱ्याला विचारून येते म्हणते ती येतच नाही. आणि सगळ्यात जास्त जीव तुटतो तो पॉझिटिव्ह निघालेली हरवते तेव्हा. कॅम्पमध्ये सापडली, चिठ्ठी दिली, फोन लावला तर नंबर दिराचा, तो म्हणते ती माहेरी गेली. प्राजक्ता, म्हणून मी म्हणते कॅम्प घ्या, पण सापडल्यावर हात धरून नेणारं माणूस आधी ठरवा.

प्राजक्ता

हे मला पटलं. आईला पण गाठ माहीत होती, नेणारं कोणी नव्हतं. मी होते, पण मला माहीत नव्हतं. एवढंच करा मग, रविवारी कॅम्प असू द्या पण टेस्ट बदला. माझी नणंद डेंटिस्ट आहे, ती टॉर्च घेऊन बसेल, वॉचमन, कामवाल्या मावश्या सगळ्यांचं तोंड पाहील. बायकांना छाती तपासायला आणि खालच्या तपासणीला सरकारी दवाखान्यात मी चार-चार जणींना गाडीत नेते, दर शनिवारी. ज्याला रक्ताचं पॅकेज करायचं त्याने आपल्या पैशाने करावं.

मिहानवाला

चालेल. मी पॅकेज करणार आहे, पण फंडातले पैसे नका देऊ मला.

गड्डीगोदाम

मी रोज वाचतो, लिहत नाई. १२ वर्षांपासून खर्रा खातो, दिवसाचे आठ-दहा. आता तोंडात तीन बोटं जात नाई, दोनच जाते. तिखट लागलं का आग होते. डाव्या गालात आतून पांढरं झालं हाये. बायकोले सांगतलं नाई. दाखवाले भेव लागते, निघालं तं काय करू, पोरगं दुसरीत हाये.

सिस्टर मेडिकलवाली

भाऊ, लिहिलंस ते फार चांगलं केलंस. तोंड कमी उघडणं आणि तिखटाने आग होणं हे बहुतेक सुपारीने आतली कातडी कडक झाल्याचं लक्षण, तो कॅन्सर नाही, पण पुढे होऊ शकतो. पांढरा चट्टा मात्र डोळ्याने पाहून सांगता येत नाही, लहानसा तुकडा काढून तपासतात. केरळात तिरुवनंतपुरमला हेच केलं होतं, आरोग्यसेवक घरी जाऊन तोंडात पाहायचे, तंबाखू-दारूवाल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू एक तृतीयांश कमी झाले. म्हणजे तुझ्यासारख्यालाच याचा सगळ्यात जास्त फायदा आहे. रविवारची वाट पाहू नको. मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या, आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे, तिथे जा. खर्रा आजच थांबव, आणि बायकोला घेऊन जा.

मानेवाडाकर

मी येतो सोबत. मेसेजमध्ये नंबर टाक.

गड्डीगोदाम

नंबर टाकला. मंगळवारी सुट्टी हाये. किती वाजता नंबर लावा लागते?

सिस्टर मेडिकलवाली

सकाळी लवकर जा, गर्दी असते. आधार कार्ड आणि रेशन कार्ड दोन्ही घे, इलाज लागला तर महात्मा फुले योजनेला लागते. आणि चूळ भरून जा.