क्योतो (जपान) : पाहुण्यांनी सिटी बस सोडून द्यावी का? (चौघांची चर्चा, प्रत्येकाचं टोपणनाव मजकुराच्या वर)

कामोकाठ
क्योतोला निघालेल्या मंडळींच्या आराखड्यात एक ओळ हमखास असते : "बसचा दिवसाचा पास काढा आणि भटका." ही ओळ आता कुणी कुणाला पाठवू नये. फक्त बसचा 700 येनचा पास 2023 च्या सप्टेंबरनंतर विकायला नाही, आणि मार्च 2024 नंतर तो चालतही नाही. बसमधली गर्दी कमी व्हावी, लोकांनी भुयारी रेल्वे धरावी, म्हणून शहराने तो बंद केला. माझं मत त्याच्या पुढचं आहे : पाहुण्याने रेल्वे हा कणा धरावा. बस फक्त शेवटच्या टप्प्याला, तीही दुसरा उपाय नसेल तरच.

बस रस्त्यात अडकते हे सगळ्यांना दिसतं, पण वेळ जास्त जातो तो दारात. मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराशी भाडं भरून उतरायचं. भाडं सरसकट 230 येन. पेटीत नेमकी रक्कम टाकायची, उरलेले पैसे परत मिळत नाहीत. आधी त्याच पेटीला जोडलेल्या यंत्रातून सुटे करून घ्यायचे आणि मग मोजून 230 टाकायचे. हे यंत्र नाणी आणि 1000 ची नोट घेतं, 5000 किंवा 10000 ची घेत नाही. एका माणसाला पंधरा सेकंद धरा. दहा जण उतरले की अडीच मिनिटं गेली. त्यातून मागे बॅगा घेऊन उभा असलेला माणूस पुढच्या दारापर्यंत पोचायला आणखी वेळ. तेवढ्यात मागची बस येऊन चिकटते आणि पुढच्या थांब्यावर दोन्ही एकदम लागतात.

याउलट रेल्वेने काय काय होतं बघा. अराशियामाला जेआरची (जपान रेल्वेची) सागानो लाइन, उतरायचं सागा-अराशियामाला. पाऊण तासाच्या बसऐवजी साधारण पंधरा-सतरा मिनिटं. क्योतो स्टेशनात हे फलाट 32 आणि 33, अगदी पश्चिम टोकाला, तेव्हा चालायला पाच मिनिटं जादा ठेवा. निजो किल्ल्याला करासुमा लाइनने करासुमा ओइकेपर्यंत, तिथे तोझाई लाइन, उतरा निजोजो-माएला. नान्झेन्जीला केआगे, हेइआन देवळाला हिगाशियामा. किन्काकुजीला तर क्योतो स्टेशनहून बसने जाऊच नये. भुयारी रेल्वेने किताओजी गाठा आणि तिथून 204 किंवा 205 घ्या. बसचा तुकडा दहा-पंधरा मिनिटांवर येतो.

आजोळ
पटलं नाही. हा आराखडा तिशीतल्या, पाठीवर एक सॅक घेतलेल्या माणसाचा आहे. सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला तो देऊन बघा.

क्योतोची भुयारी रेल्वे म्हणजे अधिकचं चिन्ह : करासुमा उत्तर-दक्षिण, तोझाई पूर्व-पश्चिम, दोन्ही मिळून 31 स्टेशनं. देवळं मात्र शहराच्या कडेने, डोंगराच्या पायथ्याशी. कियोमिझुदेरा, कोदाइजी, यासाका, चिओनइन हा सगळा पट्टा हिगाशिओजी रस्त्यालगत, आणि त्या रस्त्याखाली रेल्वे नाही. केइहान ही खासगी रेल्वे नदीकाठाने जाते. तिच्या कियोमिझु-गोजो स्टेशनपासून कियोमिझुदेरा वीस-पंचवीस मिनिटं चढावर. जुलैच्या दमट उन्हात ते गुडघेदुखीच्या माणसाला सांगायचं का?

ही पोकळी नवी नाही. जपानमधली पहिली विजेवरची ट्राम 1895 मध्ये क्योतोतच धावली, बिवा कालव्याच्या पाण्यावर केआगेला तयार झालेल्या विजेवर. पुढे नगरपालिकेने रस्ते रुंद करून ट्रामचं जाळं विणलं, हिगाशिओजीवरूनही. 30 सप्टेंबर 1978 ला शेवटची सिटी ट्राम बंद झाली. करासुमा लाइन सुरू झाली 1981 मध्ये, तोझाई 1997 मध्ये. ट्राम गेली आणि तिच्या मार्गांवर 200 च्या मालिकेतल्या वर्तुळाकार बसच राहिल्या. हिगाशिओजीवरच्या 206 क्रमांकाच्या बसमध्ये गर्दी होते याचा दोष प्रवाशाचा नाही. जिथे ट्राम होती तिथे दुसरं काहीच आलं नाही.

आणि पर्याय शहरानेच दिला आहे. 1 जून 2024 पासून शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी पर्यटकांसाठी जलद बस आहे. ईएक्स 100 क्योतो स्टेशनहून गोजोझाका (कियोमिझूजवळचा थांबा), गिओन, ओकाझाकी पार्क करत गिन्काकुजीला जाते. ईएक्स 101 गोजोझाकापर्यंतच. भाडं 500 येन, मध्ये मोजकेच थांबे. शनिवारी आजी-आजोबांना कियोमिझूला न्यायचं तर हीच बस.

पायवाट
दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर. कियोमिझूपुरता माझा नियम सांगतो : चढताना बस, उतरताना पाय.

सकाळी क्योतो स्टेशन हा सुरुवातीचा थांबा असल्याने रांग लावली तर बसायला जागा मिळते. संध्याकाळी उलट दिशेची 206 गिओनलाच भरून येते. कियोमिझुमिचीच्या थांब्यावर दोन बस डोळ्यांसमोरून तुडुंब भरून जातात आणि तिसरीत कसंबसं चढता येतं. त्यापेक्षा सानेन्झाका, निनेन्झाका या उताराच्या गल्ल्यांनी यासाकापर्यंत उतरत यायचं आणि केइहानचं गिओन-शिजो गाठायचं, सावकाश चाललं तरी अर्धा तास. तिथून तोफुकुजीला उतरलं की शेजारीच जेआरची नारा लाइन, आणि पुढचंच स्टेशन क्योतो. मुक्काम मध्यवस्तीत असेल तर शिजो रस्त्याने सरळ पश्चिमेला चालत गेलं तरी चालेल.

पत्ता विचारताना दोन शब्द लक्षात असू द्या : आगारू म्हणजे उत्तरेला, सागारू म्हणजे दक्षिणेला. "शिजो करासुमा सागारू" म्हणजे त्या चौकातून करासुमा रस्त्याने दक्षिणेकडे. शहर उत्तरेकडे हळूहळू चढतं, म्हणून शब्दही वर-खालीचे. भाड्याची सायकल घेणाऱ्यांनी हा चढ ध्यानात घ्यावा : आधी उत्तर, मग परतताना उतार. आणि सायकल ठरलेल्या तळावरच लावायची, फुटपाथवर लावलेली उचलून नेतात.

जमाखर्च
पासबद्दल नीट सांगायला हवं, कारण चूक तिथेच होते. आता मिळतो तो भुयारी रेल्वे आणि बस यांचा एका दिवसाचा पास, 1100 येन, मुलांना 550. नुसत्या बसचा हिशोब धरला तर चार फेऱ्या म्हणजे 920, पाच म्हणजे 1150. म्हणजे पाचव्या बसला पास वसूल. भुयारी रेल्वेचं किमान भाडं 220 आहे, हिशोब तसाच राहतो. कामोकाठ यांच्या आराखड्यातली जेआर, तसंच केइहान, हानक्यू आणि रांदेन यांच्या गाड्या या पासात येत नाहीत. त्यांच्या पद्धतीने दिवस काढला तर पास काढणं नुकसानीचं. इकोका किंवा सुइका हे आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड घ्या आणि प्रत्येक वेळी टेकवा, सुट्यांची कटकटही संपते. पास खरा उपयोगी ओहारासारख्या लांबच्या गावाला, कारण तिकडे जाणारी क्योतो बस त्यात धरलेली आहे. ईएक्सवरही तो चालतो, हे आजोळ यांनी लिहायला हवं होतं.

एक बारीक गोष्ट. बसच्या क्रमांकाची पाटी निळी किंवा केशरी असेल तर सरसकट भाडं. पांढऱ्या पाटीवर काळा आकडा असेल तर भाडं अंतरावर : चढताना मागच्या दाराशी कागदी क्रमांक घ्यायचा किंवा कार्ड टेकवायचं. हे राहिलं तर उतरताना पहिल्या थांब्यापासूनचं भाडं मागितलं जातं आणि रांग खोळंबते.

बाकी गर्दीचं म्हणाल तर बाहेरच्यांना भाडं जास्त लावावं, या मताचा मी आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये निवडून आलेले महापौर मात्सुई कोजी यांनी रहिवाशांना स्वस्त भाड्याचं आश्वासन दिलं होतं. अजिंठा-वेरूळला भारतीयांना 40 रुपये आणि परदेशी पाहुण्याला 600, हे आपण पिढीभर मान्य केलंय. मग रोज कामाला जाणाऱ्या क्योतोकराला पाहुण्याच्या गर्दीचा भुर्दंड का?

आजोळ
अजिंठ्याचा दाखला इथे लागू होत नाही. लेणं आयुष्यात दोनदा-तीनदा बघतो, बस रोज लागते. "बाहेरचा" म्हणजे फक्त पर्यटक नव्हे. ओत्सू क्योतोपासून जेआरने दुसरं स्टेशन आहे, पण ते शिगा प्रांतात. तिथून रोज कॉलेजला येणारा विद्यार्थी बाहेरचाच ठरेल. शेजारच्या उजी शहरातून रुग्णालयात कामाला येणारी परिचारिकाही. शिवाय पुढच्या दाराशी बसलेल्या चालकाने रहिवासी कसा ओळखायचा? कार्डाला रहिवासाची नोंद जोडलेली असेल तरच ते यंत्राला कळेल. रोख पैसे देणाऱ्या म्हाताऱ्या क्योतोकराने ओळखपत्र काढून दाखवायचं, तर दारातला तोच वेळ वाढतो ज्याबद्दल हा धागा सुरू झाला. पाहुण्यांकडून घ्यायचंच असेल तर मुक्काम-करातून घ्या. तो कर मार्च 2026 पासून शहराने महाग खोल्यांना माणशी रात्रीला 10000 येनपर्यंत नेलाच आहे.

कामोकाठ
विद्यार्थ्याचा मुद्दा मान्य. ईएक्सचाही मान्य, पण ती सोमवार ते शुक्रवार साधारणपणे नसते, आणि आपले बरेच लोक आडदिवशीच कियोमिझूला जातात.

बसबद्दलचं मत मात्र बदलत नाही, कारण रस्ता वाढणार नाही. शिजो रस्त्याच्या 2015 मध्ये चारच्या दोन मार्गिका केल्या आणि फुटपाथ रुंद केले. चालणाऱ्यांसाठी तो निर्णय उत्तमच होता, पण बसला थांब्यावर उभ्या बसच्या पुढे जायला जागा उरली नाही. त्यात चालकांची चणचण : एप्रिल 2024 पासून दोन पाळ्यांमधली सक्तीची विश्रांती आठवरून किमान नऊ तास झाली. चालकांच्या जिवासाठी ते हवंच होतं. पण म्हणजे गर्दी झाली की जादा बस सोडा, हे सांगणं सोपं राहिलेलं नाही.

ज्येष्ठांसाठी वेगळा आराखडा देतो. मोठ्या बॅगा स्टेशनवरच्या काउंटरवरून हॉटेलला पाठवा. लॉकर सकाळीच भरतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. भुयारी रेल्वेत लिफ्ट आहे, पण ती एकाच टोकाला असू शकते, म्हणून फलाटावर उतरताच आधी लिफ्टची पाटी शोधा. हिगाशियामा स्टेशनहून कियोमिझूपर्यंत चौघांची टॅक्सी करा, अंतर दोन-अडीच किलोमीटर आहे. पण नोव्हेंबरात पानं लाल झाल्यावर दुपारी ही टॅक्सीही गोजोझाकाला अडकते. तेव्हा सकाळी आठच्या आत वर पोचा. कियोमिझुदेरा सहाला उघडतं.

पायवाट
फुशिमी इनारी देवळाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून जोडतो. नारा लाइनची साधी गाडीच घ्या. मियाकोजी जलद गाडी इनारीला थांबत नाही, आणि फलाटावर दोन्ही जवळजवळ उभ्या असल्या की लोक रिकामी दिसणाऱ्या जलद गाडीत चढतात आणि थेट उजीकडे जातात. साधी गाडी तोफुकुजीनंतर लगेच इनारी, पाच मिनिटं. देऊळ स्टेशनच्या अगदी समोर आहे, बस लागतच नाही.