कासव खात नाही? आधी ते कुठलं आहे ते बघा

दुकानातनं पोरासाठी आणलेलं कासव खात नाही आणि जमलंच नाही तर कोल्हापूरच्या रंकाळा तलावात सोडू, असं एकानं लिहिलंय म्हणून हा प्रतिसाद.

आधी कासव नीट बघा. पाठीवर पिवळ्या चांदण्या असतील तर ते स्टार कासव. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते पाळणं गुन्हा आहे, त्यामुळं सरळ वनविभागाच्या १९२६ वर फोन लावा. डोळ्यामागं लाल पट्टा असेल तर रेड इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतलं पाण्यातलं कासव. तुमचं बहुधा हेच.

याला बाऊलमध्ये ठेवू नका राव! पोहता येईल एवढं पाणी, फिल्टर आणि पूर्ण कोरडं होऊन बसता येईल असा दगड हवा. न खाण्याचं कारण बरेचदा गारठा असतं. थंड रक्ताचा प्राणी, पाणी गार झालं की पचनच मंदावतं. हीटर लावून पाणी २५-२७ अंशांवर ठेवा, दगडावर गरम दिवा आणि सोबत यूव्हीबी (उन्हात असतात तसले अतिनील किरण) देणारा दिवा. खिडकीच्या काचेतनं येणारं ऊन चालत नाही, काच यूव्हीबी अडवते. आणि आपल्याकडं जुलैत ऊन दिसतंय कुठं? यूव्हीबी नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा पाण्यात टाकून ठेवा. दूध-ब्रेड अजिबात नको. डोळे सुजले किंवा नाकातनं बुडबुडे आले तर लगेच पशुवैद्य गाठा.

रंकाळ्याचं मात्र डोक्यातनं काढा. ही कासवं तिथल्या देशी कासवांचं खाणं आणि जागा दोन्ही बळकावतात.