मध्यममार्गी उमेदवार की नुसतं तळ्यात-मळ्यात?

प्रश्न: दोन्ही टोकं पटत नाहीत. मधला उमेदवार बरा वाटतोय, पण पाठिंबा कशावर ठरवायचा?

उत्तर १: भाषणं सोडा, सभागृहातली नोंद काढा. आपले तीनच विषय पक्के करा आणि त्यांवरच्या विधेयकांना त्याने मत कुठे दिलं, दुरुस्ती कोणती सुचवली ते बघा. व्हिप (कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश) लागू असेल तर मतावरून फारसं कळत नाही. मग समितीतलं काम आणि विचारलेले प्रश्न तपासा. अडचणीच्या मतदानालाच नेमका गैरहजर? तो मध्यममार्ग नव्हे, पळवाट आहे.

उत्तर २: आश्वासनांपुढे ‘पैसा कुठून?’ लिहून बघा. कर कमी, खर्च जास्त आणि कर्जाबद्दल चकार शब्द नाही, तर हिशेब जुळणार नाही.

प्रश्नकर्ता: मतपत्रिकेवर उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती द्यायची पद्धत (पसंतीक्रम) असेल तर त्याला दुसरी पसंती दिली तर चालेल ना?

उत्तर ३: तिथेच घात होतो. समजा पहिल्या पसंतीची मतं ३६, ३४ आणि मधल्याला ३०. दोन्ही टोकांच्या मतदारांची दुसरी पसंती तोच, म्हणून समोरासमोर तो दोघांनाही हरवेल, पण पहिल्या पसंतीची सर्वांत कमी मतं म्हणून आधी तोच बाद! अर्थतज्ज्ञ डंकन ब्लॅक यांनी १९४८ मध्ये मांडलेला मधल्या मतदाराचा सिद्धांत (मधल्या मतदाराच्या सर्वांत जवळचा तो जिंकतो) दोघांच्या लढतीत छान चालतो. तिसरा आला की गणित फिसकटतं. ऑस्ट्रेलियात १९१८ पासून पसंतीक्रम आहे, पण हा धोका त्या पद्धतीतही राहतोच. तो खरंच हवा असेल तर पहिली पसंती त्यालाच द्या.