सांडपाण्यापुरती तुलना करूच

एकांनी लिहिलंय की साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या, सिंधू संस्कृतीतल्या माणसाशी आपली तुलनाच होऊ शकत नाही. मला ती करावीशी वाटते, निदान पाण्याच्या बाबतीत तरी.

मोहेंजोदडोतल्या बहुतेक घरांत न्हाणीची जागा होती. जमीन विटांची, सांधे अगदी घट्ट, एका कोपऱ्याकडे उतार दिलेला. पाणी भिंतीतल्या मोरीतून गल्लीतल्या गटारात जायचं. गटारं विटांनी नाहीतर दगडांनी झाकलेली, आणि मधे मधे गाळ बसायला खड्डे, म्हणजे तेवढेच उपसले की झालं. गटार तुंबणार हे त्यांनी बांधतानाच धरलं होतं! आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं, तेव्हा मला हटकून ते खड्डे आठवतात.

त्याच संस्कृतीतल्या धोलावीरा शहराचं तर मला जास्तच कौतुक. कच्छच्या रणातलं खदिर बेट, बारमाही नदी नाही. मनसर आणि मनहर हे दोन पावसाळी ओढे बंधारे घालून अडवले आणि पाणी शहराभोवतीच्या मोठमोठ्या तलावांत वळवलं.

तरी मी त्या काळात राहायला जाणार नाही. माझ्या मुलीला न्यूमोनिया झाला होता, औषधांनी आठवड्यात उठून बसली. तेव्हा ती औषधं नव्हती. पण म्हणून त्यांना मागासलेले म्हणणं मला पटत नाही. त्यांनी भाजलेल्या विटा इतक्या पक्क्या होत्या की एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वेमार्गाच्या भरावासाठी ठेकेदारांनी हडप्प्याहून त्या गाड्या भरभरून नेल्या.