जुना डायनिंग सेट, पॉलिश काढू का?

प्रश्न: १९०५-१० च्या आसपासचा व्हिएन्ना स्टाइलचा डायनिंग सेट मिळालाय, टेबल, सहा खुर्च्या आणि साइडबोर्ड. कोरीवकाम अजिबात नाही, सगळ्या सरळ रेषा आणि चौकोन, खुर्चीच्या पायाला सीटखाली छोटे लाकडी गोळे आहेत. पॉलिश काळवंडलंय आणि दोन खुर्च्या हलतात. घासून नवीन करावा का?

लाकूडवेडा: घासू नका प्लीज! साइडबोर्डला बहुतेक व्हिनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) असणार, सँडर (घासायचं मशीन) फिरवला की आरपार जाईल मग काहीच करता येत नाही. आधी न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाकून बघा, चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश आहे, ते स्पिरिटनेच हलकं सैल करून परत बसवता येतं. मला तर तो जुना रंगच सगळ्यात जास्त आवडतो.

जुनीखुर्ची: ते गोळे नुसते शोभेचे नाहीत हां, जोड पक्का करायला असतात. व्हिएन्नाचा आर्किटेक्ट योसेफ हॉफमन, त्यानं व्हिएन्नाजवळच्या पुर्कर्सडॉर्फ सॅनेटोरियमच्या डायनिंग हॉलसाठी केलेल्या खुर्च्यांना तसेच आहेत, त्या कोन (Kohn) या फर्निचर कंपनीनं वाफेवर लाकूड वाकवून बनवल्या. सीटखाली उलटं करून बघा, कागदी लेबल किंवा डागलेला शिक्का असेल तर अजिबात पुसू नका.

प्रश्नकर्ता: एका खुर्चीखाली अर्धं फाटलेलं लेबल सापडलं!! हलणाऱ्या खुर्च्यांना फेव्हिकॉल चालेल का?

लाकूडवेडा: नको, सरसच (प्राण्यांच्या कातडी-हाडांपासूनचा जुना गोंद) वापरा, तो गरम पाण्यानं परत सुटतो, पुढच्या रिपेअरला लाकूड फुटत नाही.